काडीचा फरक

होदमेझोवाशारहेय.
आमच्या गावाच्या नावातच एक ओ आहे
ज्याच्या डोक्यावर दोन काड्या असतात,
एकाच बाजूला झुकलेल्या.
त्या रात्री त्या पडल्या.

सर्व्हर हलवला होता आम्ही, सेगेडच्या एका तळघरातून
कुठे, ते मलाही नीट ठाऊक नाही.
सकाळी दफनभूमीच्या कचेरीतून ओदोनचा फोन:
"चेंगे, माझी मेलेली माणसं बिघडलीत."

स्क्रीनवर पाहिलं.
प्रत्येक ओच्या जागी डोक्यावर कडं घातलेला ए,
आणि त्याला खेटून एक सुटं अवतरणचिन्ह,
उघडलेलं,
ज्याच्यापुढे कुणीच काही बोललेलं नव्हतं.

आतले बाइट उघडले.
सी पाच, नऊ एक. दोनच हवे होते.
निघाले पाच.
ॲप्लिकेशन युटीएफ-एटमध्ये बोलत होतं,
डेटाबेस ते लॅटिन-वन समजून ऐकत होता
आणि अतिशहाण्या दुभाष्यासारखा
भाषांतराचंच पुन्हा भाषांतर करून
फडताळात रचत होता.
तसं दोघांचंही चुकलं नव्हतं.
मधल्या जोडणीला कुणी विचारलंच नव्हतं,
बाई, तुझी लिपी कोणती?

आधी एक खोटी नोंद टाकली.
विभाग शून्य, ओळ शून्य,
जन्म एक जानेवारी एकोणीसशे.
नावाच्या रकान्यात ती ओळ, जी इकडचा प्रत्येक छापखानेवाला
नवे खिळे तपासताना टाकत आलाय:
आमचे सगळे काड्या-टिंबांचे स्वर तिच्यात येतात
आणि अर्थ होतो
पुराला न बधणारं, आरशांना भोकं पाडणारं यंत्र.
यंत्र जसंच्या तसं परत आलं.
मग नऊ हजार चारशे माणसं
चाळीस सेकंदांत
आपापल्या नावात जाऊन झोपली.

एकाहत्तर उरली.
यांना कुणीतरी मधल्या दुपारी एका जुन्या टेबलात उतरवलं होतं.
त्या टेबलाला हे स्वर माहीतच नव्हते;
जे कळलं नाही, ते त्याने टाकून दिलं
आणि जागा झाकली.

स?च देझ?

तीन एफ. तीन एफ.
दोनदा गुंडाळलेलं दोनदा सोडवता येतं.
याच्या आत काही गुंडाळलेलंच नाही.
दिसतो प्रश्न, पण कुणालाच काही विचारत नाही.
बॅकअप त्याच संध्याकाळचा. त्यातही हेच.

वही घेतली, रबरी बूट घातले, गेले.
दगडाला एन्कोडिंग नसतं, असा माझा समज होता.
ओदोन पुढे, फांदीने पानं बाजूला सारत,
नाव वाचून दाखवायचा, मी रेघा मोजायचे.
चौदाव्या ओळीत सूच देझो सापडले
आणि त्यांच्या सूवर काड्या नव्हत्या.
दोन टिंबं होती.
ऱ्हस्व.

त्यांच्या बायकोला फोन लावला. एतेल्का नेनी, वय एक्क्याण्णव.
म्हणाल्या, पाथरवटाने टाइप केलेल्या कागदावरून कोरलं,
आणि नगरपालिकेच्या त्या टाइपरायटरला
दीर्घ ऊ नव्हताच.
"मग खरं कुठलं धरू?"
पलीकडे बराच वेळ पंखा की फ्रिज, काहीतरी घरघरत राहिलं.
"तो सही करताना वर एकच रेघ ओढायचा. सदा घाई.
दुसरी मी काढायचे,
कागद पुढे जायच्या आधी."

काडीचाही फरक पडत नाही, असं कुणी म्हणालं की
मला आता त्यांची पेन्सिल दिसते.
दोन्ही काड्या घातल्या.
एक ओळ बदलली, डेटाबेसने कळवलं,
जसं तो काहीही कळवतो.

परवा पुन्हा ओदोन. सणाआधीची थकबाकीची यादी छापत होता.
"चेंगे, शून्य विभाग कुठे आला?
तिथे कुणीतरी आहे, नाव परदेशी वाटत नाही,
पण एकोणीसशे सालापासून
एक छदाम भरलेला नाही.
वारस कोण आहे, जरा बघशील?"